एका चुकीला एक तक्रार

मतलब मॅडम एका चुकीबद्दल एकदाच बोलत. त्या चुकीतून पुढे कितीही भानगडी निघाल्या, तरी त्यांबद्दल त्या अवाक्षर काढत नसत. एका सकाळी त्यांच्या यजमानांनी गॅसवर दूध ठेवलं आणि ते अंगणात वर्तमानपत्र वाचत बसले. दूध उतू गेलं, पातेलं करपलं, ते घासण्याच्या नादात चहा राहिला, डबा भरायचा राहिला, आणि यजमान, म्हणजे मालगाडीवर गार्ड असलेले आमचे काका, उपाशीपोटी, तंबाखूची डबी घरी विसरून ड्यूटीवर गेले. दुसऱ्या दिवशी ते परतले तेव्हा मॅडम एवढंच म्हणाल्या, "दूध विसरलात." काकांनी डब्याचं आणि डबीचं गाऱ्हाणं सांगायला तोंड उघडलं. "ते त्यातच आलं," असं म्हणून मॅडम पोळ्या लाटू लागल्या.

हा किस्सा काकाच सगळ्यांना सांगत. "आमच्या घरी आरडाओरडा नाही हे खरं," ते म्हणत, "पण ती एक तक्रार अशी मुळावर बसते, की माणूस वर्षभर दुधाकडे बघत नाही."

मॅडम झाशीच्या बाहेर एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात कंपायलर हा विषय शिकवत. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं होती. त्यांचं माहेर झाशी शहरातलं, कित्येक पिढ्या तिथेच राहिलेलं. त्यामुळे त्या कपाटाला फडताळ म्हणत आणि भाजीवाल्याशी अस्सल बुंदेलीत घासाघीस करत. सासर रेल्वेचं. क्वार्टर झाशीतल्या नगरा या रेल्वे वस्तीत, आमच्याच रांगेत.

कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. उतरवण्याआधी तो दोन गोष्टी तपासतो. लिहिलेलं नियमात बसतं का, ही पहिली. त्याला काही अर्थ आहे का, ही दुसरी. पहिल्या तपासणीवर पुस्तकात भरपूर पानं होती आणि पेपरात भरपूर मार्क. मॅडमचा जीव दुसरीत होता. दर वर्षी पहिल्या तासाला त्या फळ्यावर एक वाक्य लिहीत: "मालगाड़ी ने दो जलेबियाँ खाईं और सो गई।" मग वर्गाकडे वळून विचारत, "वाक्य सही है?"

"सही है, मैडम।"

"मतलब?"

वर्ग हसे. त्या हसत नसत, थांबत. कोणीतरी चाचरत सांगे, की मालगाडी खाऊ शकत नाही, झोपू शकत नाही. "हे तुला वाक्याने सांगितलं?" मॅडम विचारत. "नाही. मालगाडी म्हणजे काय हे तुला आधी माहीत होतं, म्हणून कळलं. कंपायलरला ते कोण सांगणार? तुम्ही." या एका तासावरून त्यांचं नाव मतलब मॅडम पडलं. ते त्यांच्या कानावर होतं. नाव वाईट नाही, निम्मा अभ्यासक्रम त्यात आला, असं त्यांचं मत होतं.

लहानपणापासून मी त्यांना काकू म्हणत आले होते. कॉलेजच्या पहिल्याच दिवशी व्हरांड्यात तोंडातून "काकू" निघालं. त्या थांबल्या. "इथे मॅडम. फाटकाबाहेर काकू." संध्याकाळी त्यांनीच कुंपणावरून हाक मारून वाटीभर भरली वांगी दिली, आणि मी भीतभीत "थँक्यू मॅडम" म्हणाले, तेव्हा त्या तितक्याच गंभीरपणे म्हणाल्या, "आता फाटकाबाहेर आहोत ना आपण?"

हाच धडा तिसऱ्या वर्षी वर्गात आला. नावाला हद्द असते. एकच नाव एका हद्दीत एकाचं असतं, दुसऱ्या हद्दीत दुसऱ्याचं. मॅडमनी नगऱ्यातल्या एका मुलाला उभं केलं.

"तुम्हारे मोहल्ले में मुन्ना कितने हैं?"

त्याने बोटांवर मोजलं. एक दूधवाला, एक बिजलीवाला, एक पहलवान, आणि एक त्याचा सख्खा भाऊ.

"अम्मा घर के अंदर से आवाज़ दें, मुन्ना! कौन आएगा?"

"भाई आएगा, मैडम।"

"और भाई घर पर न हो?"

मुलाने प्रामाणिकपणे विचार केला. "तो मैडम, दूधवाला आ जाता है।"

वर्ग बाकांवर कोसळला. मॅडमनी खडू उचलला. "बिलकुल सही," त्या म्हणाल्या, आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं फळ्यावर मांडलं: नाव आधी घरात शोधायचं, घरात नसेल तर गल्लीत, गल्लीत नसेल तर मोहल्ल्यात, कुठेच नसेल तर तक्रार. परीक्षेत हा प्रश्न आला, आणि निम्म्या वर्गाने उत्तरात दूधवाल्याचा उल्लेख केला. मॅडमनी सगळ्यांना मार्क दिले.

वर्गात ब्रजेश होता. झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीचा, शेतकऱ्याच्या घरचा, उंच, मोठ्या आवाजाचा आणि कामाला वाघ. रोल नंबराच्या क्रमाने जोड्या लावल्या गेल्या तेव्हा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तो आणि मी एकत्र आलो. तो मला "मंजरी जी" म्हणे. माझं नाव मंजिरी आहे हे त्याला चार वर्षांत कोणी पटवू शकलं नाही. त्याचे वडील महिन्या-दोन महिन्यांनी त्याला भेटायला येत आणि कॉम्प्युटरसमोर बसलेल्या मुलाकडे बघून विचारत, "काए लला, ई में का बो रए?" या यंत्रात काय पेरतो आहेस?

ब्रजेशची आणि नगऱ्याच्या मराठी मंडळींची ओळख गणपतीत झाली. रेल्वे वसाहतीतल्या एका हॉलमध्ये गणपती बसे. जवळच्या बबिन्याच्या लष्करी छावणीतली मराठी कुटुंबंही येत, आणि विसर्जनाआधी पंगत होई. वाढप्यांची नेहमीच टंचाई. आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना मॅडमनी ब्रजेशला बोलावलं.

पंगतीत मॅडमचं काम ठरलेलं होतं. पत्रावळी मांडून, सगळं वाढून झालं की श्लोकाआधी त्या रांगेतून एक फेरी मारत. मीठ वर मधोमध, डावीकडे चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी, खाली भात आणि वरण. कोणाच्या पानात काय राहिलं, काय चुकीच्या जागी पडलं, हे त्या चालता चालता सांगत. "श्लोकाआधी सापडली तर चूक," त्या म्हणत, "श्लोकानंतर सापडली तर तमाशा." प्रोग्रॅम चालवण्याआधीच तो तपासून घ्यावा, या पक्षाच्या त्या होत्या. काही भाषा ही तपासणी प्रोग्रॅम चालू झाल्यावरच करतात. त्यांच्यावर मॅडमचा राग नव्हता. "त्या बुफे आहेत," त्या वर्गात सांगत. "जिसने लिया, वही भुगते."

ब्रजेशला पानात चिमूटभर पांढरं वाढायचं काम मिळालं; कोणतं पांढरं, ते कोणी सांगितलं नाही. स्वयंपाकघरात पांढऱ्या पदार्थांची दोन पातेली शेजारी शेजारी होती. एकात मीठ. दुसऱ्यात बूरा, म्हणजे दळलेली साखर. ती आमच्या हिंदी भाषक पाहुण्यांना भात-तुपाबरोबर लागते म्हणून काढून ठेवलेली. ब्रजेशने क्षणभरही विचार केला नाही. टहरौलीच्या पंगतीत पानावर मानाने येतो तो बूरा. त्याने तो सढळ हाताने वाढला, अगदी बरोबर जागी. मॅडमनी फेरी मारली, सगळ्या पानांत पांढरं जागच्या जागी आहे हे पाहिलं, आणि मान हलवली. श्लोक झाला.

पहिली तक्रार कोशिंबिरीबद्दल आली. मग वरण गोड लागतं म्हणून. मग अळूची भाजी. एका सुभेदारांनी आचाऱ्याला बोलावून भाजीत काय घातलं ते विचारलं, दुसऱ्यांनी वरणाबद्दल, एका आजींनी तर त्याच्या गावालाच नावं ठेवली. आचारी पळी घेऊन बाहेर आला आणि काम सोडण्याची भाषा करू लागला. हिंदी भाषक पाहुणे मात्र खुशीत होते. "आज तौ ढंग की पंगत है," त्यांच्यातले एक काका म्हणाले आणि आणखी बूरा मागितला.

मॅडमनी एका पानातलं पांढरं बोटावर घेऊन जिभेला लावलं. "आचाऱ्याला सोडा," त्या म्हणाल्या. "वरण ठीक आहे, भाजी ठीक आहे, कोशिंबीर ठीक आहे. मिठाच्या जागी बूरा पडलाय. चूक एक आहे." मग ब्रजेशकडे वळून, "बेटा, कौन-सा बरतन, यह पूछ लेना था."

"हमाए इतै तौ सबसे पैलें बूरा धरो जात, मैडम जी।"

"हओ," मॅडम त्याच्याच बुंदेलीत 'हो' म्हणाल्या. विषय संपला. ब्रजेश मीठ घेऊन रांगेतून पळाला आणि लोक पोटभर हसत जेवले. हात धुताना मॅडम स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी जागा तपासली. जिन्नस तपासला नाही." पुढच्या सोमवारी वर्गात त्यांनी याच वाक्यापासून सुरुवात केली, आणि आकड्याच्या जागी आकडाच आहे ना, मजकूर तर नाही, हे कंपायलरने कसं पाहावं ते शिकवलं. वाढप्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. ब्रजेशनेच हात वर करून सांगितलं.

मी पुढे वर्तमानपत्रात गेले. बातमीची पहिली ओळ चुकली की खालच्या दहा ओळी लाल करायचा मोह प्रत्येक उपसंपादकाला होतो. मला तो झाला की आचाऱ्याचा चेहरा आठवतो.

आमचा प्रकल्प म्हणजे एका लहानशा भाषेसाठी कंपायलर. आकडे, मजकूर, अटी, आणि काही काम करून उत्तर परत देणारे तुकडे, ज्यांना फलन म्हणतात, एवढीच भाषा. ब्रजेशला पुण्याच्या एका कंपनीने निवडलं होतं. अट एकच: शेवटचं वर्ष त्याच उन्हाळ्यात पूर्ण सुटलं पाहिजे. तोंडी परीक्षेत प्रकल्प नापास झाला तर तो पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागणार, आणि कंपनी थांबणार नव्हती. ब्रजेशला शिकता यावं म्हणून त्याच्या मोठ्या भावाने शिक्षण सोडून शेत सांभाळलं होतं. हे त्याने एकदाच सांगितलं, आणि लगेच समोशाचा विषय काढला.

अर्थ केव्हा तपासायचा यावर पहिला वाद झाला. ब्रजेशचं म्हणणं, वाचता वाचताच तपासून टाकू. "दो चक्कर काहे लगाएँ, मैडम?"

"मत लगाओ," मॅडम म्हणाल्या. मनाई करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्याने तसंच केलं. कंपायलर झपाझप चालू लागला आणि ब्रजेश सगळ्या वर्गाला दाखवत सुटला. मग मॅडमनी एक छोटा प्रोग्रॅम दिला. त्यात दोन फलनं होती. पहिलं दुसऱ्याला बोलावत होतं आणि दुसरं पहिल्याला. आमच्या कंपायलरने पहिलं वाचलं आणि तक्रार केली: हे दुसरं कोण, माहीत नाही. बरोबरच होतं, दुसरं खाली होतं, तिथवर तो पोचलाच नव्हता. ब्रजेशने खालचं वर आणि वरचं खाली केलं. आता तक्रार पहिल्याची. त्याने पुन्हा अदलाबदल केली. मॅडम शेजारी बसून पेपर तपासत होत्या.

बऱ्याच वेळाने ब्रजेश म्हणाला, "मैडम, दोनों को ऊपर कैसे रखें?"

"पंगत में परोसा था ना तुमने? पहला आदमी बैठते ही परोसना शुरू करते हैं?"

"नहीं। पहले सब बैठ जाते हैं।"

"तो बैठाओ."

मार्ग एकच नव्हता. ओळख न पटलेली नावं बाजूला ठेवून शेवटी निकालात काढता येतात. किंवा पुढे कोण येणार हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच आधी जाहीर करायला लावता येतं. मॅडमनी दोन्ही सांगितले आणि निवड आमच्यावर सोडली. आम्ही बैठकीचा मार्ग घेतला: आधी सगळा प्रोग्रॅम वाचून त्याची झाडासारखी रचना करायची, मग एका फेरीत फक्त नावं टिपायची, आणि दुसऱ्या फेरीत फांदी फांदी फिरून अर्थ तपासायचा. यासाठी जुनं बरंच काम फेकावं लागलं. ब्रजेश दोन दिवस मॅडमशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी घरचे ताजे हरभरे घेऊन आला.

परीक्षा जवळ आली तेव्हा विभागप्रमुखांनी आम्हाला बोलावलं. त्यांना ब्रजेशबद्दल आपुलकी होती. "जो चलता है, वही दिखाओ," ते म्हणाले. "बाहर वाले के सामने एरर आई, तो उसको एरर ही याद रहेगी।" सल्ला व्यवहारी होता. सगळी मुलं तसंच करत.

मॅडमना हे कळलं. "जाँचने वाली चीज़ को सही प्रोग्रॅम दोगे तो वह क्या करेगी? चुप बैठेगी. चुप तो दीवार भी बैठती है."

"मैडम जी, नौकरी का सवाल है," ब्रजेश म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"मालूम है. इसीलिए हुकुम नहीं दे रही."

परतताना आम्ही एकाच टेम्पोत होतो. नगरा आलं, मी उतरू लागले, तेव्हा ब्रजेश म्हणाला, "मंजरी जी, गलत वाले दिखाएँगे।"

"का रे?"

"सही वाले तो सब दिखाएँगे। हमाए पास और है का?"

परीक्षक दुसऱ्या शहरातून आले होते. वयस्क, बारीक, सकाळपासून प्रकल्प बघून कंटाळलेले. आमच्या आधीच्या प्रत्येक जोडीने काहीतरी चालवून दाखवलं होतं आणि सगळं चाललं होतं. ब्रजेशने पहिलाच प्रोग्रॅम चुकीचा दिला. कंपायलरने तो नाकारला. विभागप्रमुखांनी खिडकीबाहेर पाहिलं. परीक्षक खुर्चीत सरळ झाले.

"हटिए," ते म्हणाले, आणि स्वतः कळफलकासमोर बसले. त्यांनी रेल्वेच्या मालाचं भाडं काढणारा प्रोग्रॅम लिहिला, त्यात अंतर शंभराच्या वर असेल तर अशी अट घातलेलं एक फलन होतं. दर म्हणून आकडा हवा तिथे मजकूर घातला. भाडं म्हणजे दर गुणिले अंतर असं लिहिलं, पण अंतर नावाचं काही आधी जाहीरच केलं नाही. मग ते भाडं पुढे एका बेरजेत घेतलं. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर दोन तक्रारी आल्या: दराच्या जागी मजकूर आहे, अंतर हे नाव माहीत नाही.

"दो?" परीक्षक म्हणाले. "मैंने तो तीन गिनी थीं. अंतर ही नहीं मालूम, तो गुणा क्या निकला, किसी को पता नहीं. वह बेरोकटोक जोड़ में चला गया. आपका कंपायलर चुप है."

ब्रजेश खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता.

"साहब, वह गलती नहीं है," तो म्हणाला. "वह पहली गलती की परछाईं है। जिसका मतलब बिगड़ गया, उस पर हम निशान लगा देते हैं। निशान वाला जहाँ-जहाँ जाए, वहाँ दुबारा नहीं टोकते। नहीं तो एक नाम भूलने पर सौ लाइन की डाँट पड़ेगी, और आदमी असली वाली ढूँढता रह जाएगा।"

"और उस निशान के पीछे कोई असली गलती छुपी हो तो?"

"पहली सुधर जाए, तब दिख जाएगी। तब बोलेंगे।"

परीक्षकांनी अंतर जाहीर करणारी एक ओळ वर घातली आणि पुन्हा बटण दाबलं. तक्रार एकच उरली, दराची. बेरजेच्या ओळीबद्दल काही नाही. त्यांनी दर दुरुस्त केला. कंपायलर गप्प झाला. ते खुर्ची मागे सारत म्हणाले, "मेरे घर पर कोई ऐसा नहीं सोचता." विभागप्रमुख सगळ्यांत मोठ्याने हसले. आम्ही पास झालो होतो. हे तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं गेलं. मॅडम मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. त्यांची नजर पडद्यावर होती.

ब्रजेश पी.सी.ओ.कडे धावला. टहरौलीत फोन बाजारातल्या दुकानात होता आणि वडील शेतात. दुकानदारालाच सांगितलं, असं तो परत येऊन म्हणाला. म्हणजे आता घर सोडून सगळ्या गावाला कळलं असेल. मुलं सदर बाजारात चाट खायला निघाली. ब्रजेशला संध्याकाळची बस गाठून घरी जायचं होतं. त्याच उन्हाळ्यात काकांची बदली भुसावळला झाली आणि क्वार्टर रिकामं झालं, त्यामुळे प्रयोगशाळेतली मॅडमची आणि आमची ती शेवटची भेट ठरली. तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं.

आम्ही बॅगा उचलल्या तेव्हा मॅडमनी हाक मारली. "मंजिरी, ब्रजेश. इकडे या."

पडद्यावर परीक्षकांचा प्रोग्रॅम तसाच होता. मॅडमनी भाडं काढणाऱ्या फलनावर बोट ठेवलं. "हे काय परत देणार म्हणून कबूल झालंय?"

"आकडा," मी म्हणाले.

"अंतर शंभराच्या वर असेल तर देतं. शंभराच्या आत असेल तर?"

आम्ही वाचलं. अट खरी ठरली तर फलन भाड्याचा आकडा देत होतं. खोटी ठरली तर काहीच न देता, हात हलवत परत येत होतं. परीक्षकांनी घाईत दुसरी बाजू लिहिलीच नव्हती. त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं आणि आमच्या कंपायलरच्याही.

"इसने टोका नहीं," ब्रजेश हळूच म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. "मैडम, आपने उसी टाइम देख लिया था?"

"हो."

"तो बोलीं काहे नहीं?"

"परीक्षा उनकी थी. पूछना उनका काम था." मॅडमनी स्टूल ओढून घेतलं. "आता मी विचारतेय."

मार्क लागले होते. ते यंत्र पुढच्या आठवड्यात नव्या मुलांसाठी पुसलं जाणार होतं. हा कंपायलर यापुढे कोणी कधीही चालवणार नव्हतं. ब्रजेशने घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि एकदम मोठ्याने हसला. "हओ," म्हणून त्याने बॅग खाली ठेवली.

दुरुस्ती समजायला सोपी होती: अटीच्या दोन्ही फांद्या चालून बघायच्या, दोन्हींच्या शेवटी उत्तर मिळालं तरच फलनाचं म्हणणं खरं धरायचं. पहिल्या प्रयत्नात आमचा कंपायलर चांगल्या प्रोग्रॅमवरही ओरडू लागला. ब्रजेश म्हणे माझ्यामुळे, मी म्हणे त्याच्यामुळे. मॅडम कोणाचीच बाजू न घेता पर्समधल्या शेंगदाण्याच्या वड्या वाटत होत्या. चपराशी किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. "मैडम, ताला लगाना है।"

"बस, भैया, हो ही गया. वडी घ्या."

तोही वडी घेऊन बसला आणि काय चाललंय ते विचारू लागला. ब्रजेशने त्याला समजावून सांगितलं, आणि समजावता समजावता आपली चूक त्यालाच दिसली. एक ओळ बदलली. बटण दाबलं. पडद्यावर एकच तक्रार उमटली: भाडं काढणारं फलन प्रत्येक वाटेने उत्तर देत नाही.

ब्रजेशने टेबलावर अशी थाप मारली, की चपराशी दचकून उठला. पास झाल्याचं कळलं तेव्हाही तो इतका ओरडला नव्हता. मॅडमनी ती ओळ एकदा वाचली, चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

दारातून ब्रजेश मागे वळला. "मैडम जी, अब तो कोई गलती नहीं बची?"

"बची होगी," मॅडम म्हणाल्या. "पर तुम्हारी बस उसके लिए नहीं रुकेगी. भागो."

तो पळाला. बस त्याला मिळाली.